हट्टी तबकडी

दुष्काळात उदगीरच्या तळ्याचा तळ उघडा पडला आणि आमच्या गल्लीतले स्कूटर मेकॅनिक चाचा तिथं रोज सकाळी डिस्क गोल्फ खेळू लागले. अमेरिकेतल्या लेकीनं एक लाल आणि एक पिवळी अशा दोन तबकड्या पाठवल्या होत्या. लांबून फेकून त्या बांबूवर बांधलेल्या घमेल्यात टाकायच्या, एवढाच खेळ.

चाचा आधी वाऱ्याचा अंदाज घ्यायला काठावरचा नव्या जिल्ह्याच्या मागणीचा फाटका बॅनर कसा फडफडतो ते बघत आणि दरवेळी लाल तबकडीच उचलत. तिच्यापुढं वाऱ्याचं काही चालत नसे, पण कितीही जोरानं फेकली तरी शेवटी ती डावीकडं वळून खाली बसायचीच. पिवळी सरळ जाते, असं लेकीनं सांगितलं होतं.

मीही सोबत जायचो. एकदा वैतागलो. "आज वारा न्हाई चाचा, पिवळी घ्या की."

"न्हाई. ही हट्टी हाय. मला हीच बरी."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. चाचांनी फोन स्पीकरवर टाकला आणि तबकड्यांची पिशवी माझ्याकडं दिली.

"अब्बा, पीली कैसी उडती?"

"एकदम मस्त, बेटा. तू आ, मिलके खेलेंगे."

मी पिशवीत पाहिलं. पिवळीवरचं प्लास्टिक अजून फोडलेलं नव्हतं.