शरणप्पाने विभूती पुसली

देगलूरच्या पुढे महाराष्ट्र संपून तेलंगणा लागतो, तिथं रस्त्याच्या कडेला एक काळा दगड आहे. निजामाविरुद्ध लढताना मारल्या गेलेल्या आसपासच्या माणसांची नावं त्यावर कोरलेली आहेत. रस्त्याच्या गँगमध्ये होतो तेव्हा तो मीच रोवला. कमरेइतका खड्डा घेतला, तळ ठोकून भरला, मग पहारीनं सरकवत दगड उभा केला. घाई केली नाही. म्हणून अजून सरळ, ओळंब्यात आहे.

समोर शरणप्पाचं चहाचं हॉटेल. कोरलेल्या नावांत त्याच्या चुलत्याचं नाव. लोक दगडाच्या आडोशाला लघवीला उभे राहायचे. शरणप्पा ओरडून थकला. शेवटी एका सोमवारी त्यानं दगडावर विभूतीची तीन बोटं ओढली. लघवी बंद झाली.

पुढं कुणीतरी नारळ फोडला. मग सीमेच्या दोन्हीकडून नवस येऊ लागले. नावं राखेखाली गेली. रोजचं पाणी, भस्म, बेल शरणप्पानंच करायचं. दुसऱ्याच्या हातचं लोकांना चालेना. "तुम्ही बसविलेला देव, अप्पा," म्हणायचे. त्याला पाहुण्यांकडं मुक्काम करता येईना. गुडघे गेले, तरी वाकायचं चुकेना. लातूरला चला, इलाज करू, असं लेक अक्षरा किती वर्षं म्हणत होती.

यंदा त्यानं ठरवलं. अक्षरा जीप घेऊन आली त्या सकाळी आम्ही दोघांनी दगड घासला. तेल मुरलेलं, नुसत्या पाण्यानं निघत नाही, वाळू लावून काथ्यानं रगडावं लागतं. नावं वर आली. चुलत्याच्या नावावर त्यानं बोट फिरवलं.

"आता नुसता दगड हाय," शरणप्पा म्हणाला. "चाललो मी, अमृतराव."

"हाव. मागं बघू नका."

तो जीपमध्ये बसला, तोच आरडाओरडा झाला. नारळ घेऊन आलेल्या बायकांनी भस्म गेलेला दगड पाहिला होता. तिथंच आमच्या बादलीत सीमेपलीकडचा एक ट्रकवाला हात धूत होता. पानटपरीवाल्या बजरंगनं त्याची कॉलर धरली.

"देव पुसला ह्यानं!"

"मी न्हाई, भाई! हात धुतलो नुसता!"

"बजरंग, सोड त्याला. आम्ही घासला," मी म्हणालो.

"तुम्ही गप बसा, काका. कुणाचंबी पाप पदरात घ्याल."

एकानं काठी आणली. ट्रकवाल्याचा ओठ फुटला. शरणप्पा गुडघा धरत जीपमधून उतरला.

"मी धुतला."

"तुम्ही? का म्हणून?"

शरणप्पानं काठीकडं पाहिलं. "अभिषेक करायलो व्हतो. भस्म लावायचं ऱ्हायलंय."

बजरंगची मूठ सुटली. "मग जीपमध्ये कशाला बसलाव?"

"पोरीची पिशवी ठेवायला."

"लई भ्याव घातलाव, अप्पा!" एक म्हातारी हसली. "वाटलं, देवाला टाकून लातूरला पळालाव!"

ट्रकवाला तोंड पुसत गाडीकडं पळाला. अक्षरानं बापाच्या सामानातून विभूतीची डबी काढून त्याच्या हातात दिली. शरणप्पा वाकला. एका हातानं दगड धरून त्यानं तिन्ही रेघा ओढल्या, नावांवरून, सरळ.

अक्षरा पिशव्या उतरवू लागली. एक मी घेतली. जड होती.