मास्तरांचा चष्मा

नातीची दाढ दुखत होती म्हणून लवंगेच्या तेलाची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मला चिकलठाण्याचं ते पत्र्याचं शेड आठवलं.

तिथं ह्यांच्या बँडची तालीम चालायची. लग्नसराई तोंडावर आली होती आणि त्या तालमीच्या आदल्याच दिवशी ह्यांचा पुढचा दात काढलेला. ट्रम्पेट फुंकलं की नुसती हवा जायची. बँडमास्तरांना कळलं असतं तर ट्रम्पेट जाऊन हातात झांजा आल्या असत्या. मी डबा घेऊन दाराशी उभी होते.

"आता एकेकानं वाजवा," मास्तर म्हणाले. ते वाजवणाऱ्याच्या ओठांवर नजर रोखून ऐकायचे. ह्यांची पाळी आली तशी मी डब्याची कडी घट्ट आवळली.

नेमका तेव्हाच मास्तरांनी चष्मा काढला आणि मान खाली घालून रुमालानं पुसायला लागले. शेजारच्या सलीमभाईंनी झटकन आपलं ट्रम्पेट उचलून ह्यांचा तुकडा वाजवला. ह्यांनी नुसते गाल फुगवले.

"बहोत खूब," म्हणत मास्तरांनी चष्मा चढवला आणि पुढच्याकडं वळले.

नशिबानं वाचलो, असंच मी आजवर समजत आले. पण निघताना मास्तरांनी मला विचारलं होतं, "भाभी, घर में लौंग का तेल है क्या?" मला वाटलं, त्यांचीच दाढ दुखतेय. दुसऱ्या दिवशी मी त्यांना शिशी नेऊन दिली, आणि त्यांनीही ती मुकाट्यानं खिशात घातली.