पप्पांची काळी दोन

दहावीच्या वर्षी मला दिवसातून तीनदा तरी कुणी ना कुणी विचारायचं, "काय मग, अभ्यास कसा चाललाय?" आणि तीनही वेळा माझ्या डोक्यात भलतंच गाणं वाजत असायचं. पहाटे साडेपाचला उठायचं, सहाला गणिताचा क्लास, घरी येऊन दोन घास गिळायचे, मग शाळा, शाळा सुटली की विज्ञानाचा क्लास. घर पडेगावात आणि क्लास शहरात, त्यामुळं अर्धं वर्ष शेअर रिक्षात गेलं. रिक्षावाला जे गाणं लावील त्याचे सूर मी मांडीवरच्या दप्तरावर बोटांनी शोधायचे. शेजारची बाई अंग चोरून जरा लांब सरकायची. सरकू दे, मला काय.

पप्पा शेंद्र्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत गायचे. पाच माणसांची पार्टी, बुद्धगीतं आणि भीमगीतं. जयंती असो, कुणाचं नवीन घर असो, नामकरण असो, कुणाच्या माघारी पुण्यानुमोदन असो, बोलावणं आलं की निघाले. मी नववीत असताना पार्टीचे पेटीवाले काका मुलाकडं पुण्याला राहायला गेले आणि त्यांच्या जागी पप्पांनी मला बसवलं, माझ्या कीबोर्डसकट. तेव्हापासून पप्पा दिसेल त्याला सांगायचे, "कोणतीबी पट्टी सांगा, आपली पोरगी डोळे झाकून वाजवती."

आता खरं सांगते. मला एकच पट्टी येत होती, पांढरी एक, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीवर सा. बाकीचं सगळं एका बटणाच्या जिवावर चाललं होतं. कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाचं बटण असतं. ते दाबून आकडा वाढवला की बोटं आपली त्याच पट्ट्यांवर फिरतात, आवाज मात्र तेवढे सूर वर जातो. पप्पा गायचे काळी दोनमध्ये, म्हणजे त्यांचा सा पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर. मी स्क्रीनवर तीन हा आकडा आणायचे आणि आरामात पांढरी एक वाजवायचे. कुणी पांढरी चार मागितली की आकडा पाच. झालं. पेटीवाले काका असते तर त्यांनी बोटांकडं बघूनच मला पकडलं असतं, पण ते पुण्यात होते. बाकीच्यांना वाटायचं, पोरगी लई हुशार. मला त्या कौतुकाची चटक लागली होती, हेही खरंच.

डिसेंबरात पप्पांच्या कंपनीतल्या एका मित्राचं करमाडला नवीन घर झालं. रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर मांडवात आमचा कार्यक्रम. माझी पूर्वपरीक्षा पंधरा दिवसांवर, आईचा चेहरा सकाळपासून फुगलेला, तरी मी गेले. पप्पांना दोन दिवसांपासून जरा सर्दी होती, पण ते म्हणाले, चालतंय.

सुरुवातीची दोन गाणी झाली आणि घरमालकाची भाची पुढं आली. तिला एक गाणं म्हणायचं होतं. तिला पांढरी चार लागत होती, मी आकडा पाचवर नेला. छान गायली ती. टाळ्या पडल्या, कुणी चहा आणून दिला, मी चहा पीत बसले आणि पप्पांनी त्यांचं ठेवणीतलं गाणं सुरू केलं. त्याची चाल त्यांनी स्वतः लावलेली होती, अंतरा चांगलाच वर जातो. मी कप खाली ठेवला आणि सूर धरला. आमच्याकडं ढोलकीच्या जागी तेव्हा ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ताल, आला होता. ढोलकी सुरात लावावी लागते, आधीच्या ढोलकीवाल्या काकांना सूर चुकलेला लगेच कळला असता, पण ऑक्टोपॅडला कसला सूर अन् कसलं काय. पप्पांनी मी दिला तो सा घेतला आणि गायले.

अंतऱ्यावर त्यांचा आवाज फाटला. थांबले, पाणी प्याले, पुन्हा घेतलं, पुन्हा त्याच जागी फाटला. मागं बसलेली दोन पोरं खुदकन हसली. पप्पांनी हात जोडले, "गळा बसलाय, माफ करा मंडळी," आणि खाली बसले. एरवी खाली बसताना ते माझ्याकडं बघून भुवई उडवायचे. त्या दिवशी बघितलंच नाही.

मी स्क्रीनकडं बघितलं. पाच!

दोन सूर वर. मी माझ्या बापाला भरल्या मांडवात दोन सूर वर गायला लावलं होतं. आणि मग मी काय केलं? उठून सांगितलं? छे. गुपचूप दोनदा बटण दाबलं, तीनवर आणलं आणि चहा संपवला.

परतीच्या गाडीत पप्पा पार्टीवाल्यांना म्हणाले, "आता बस झालं माझं. दुसरा गायक बघा. आवाज साथ देईना." सगळे म्हणाले, सर्दी आहे, चार दिवसांत उतरेल. पप्पा म्हणाले, "नाय हो. सर्दीतबी गायलोय मी वीस वर्षं. हे येगळंय." मी खिडकीतून बाहेर बघत होते. आता सांगू, पुढच्या चौकात सांगू, असं करता करता घर आलं.

मला वाटलं होतं, हे बोलण्यापुरतं असेल. नव्हतं. पुढच्या रविवारी पार्टी त्यांच्याशिवाय गेली. मलाही त्यांनीच जाऊ दिलं नाही. "दहावी आहे बाई तुझी, बस अभ्यासाला." सकाळी दाढी करताना ते गुणगुणायचे, तेही बंद झालं. आई खूश. ती शेजारणीला सांगत होती, "बरंच झालं बाई. दोघंबी ठिकाणावर आले. घर कसं शांत झालंय." घर शांत झालं होतं हे खरं. मला त्या शांततेत एक गणित सुटत नव्हतं.

मला काय वाटत होतं हे मलाच कळत नव्हतं. सांगावं तर माझी बटणाची लबाडी उघडी पडणार, डोळे झाकून वाजवणारी पोरगी म्हणजे नुसती हवा. न सांगावं तर पप्पा असेच मुके फिरणार. पुन्हा वाटायचं, तशीही सर्दी होतीच की, कदाचित तीनवरही आवाज फाटला असता. मग स्वतःचाच राग यायचा, की बघा, कशी पळवाट काढायली! विज्ञानाच्या पूर्वपरीक्षेत ध्वनीवर प्रश्न आला, वारंवारता वाढली की काय होते. मी लिहिलं, 'आवाज फाटतो', मग खोडलं.

शेवटी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. सगळं ऐकून घेतलं आणि लाटणं न थांबवता म्हणाली, "मग आता कशाला उकरायलीस? मार्च होऊ दे. परीक्षा झाली की सांग."

"आई, तोवर ते कुढत बसतील ना."

"बसू दे जरा. मी वीस वर्षं रविवारी एकटी बसले, तेव्हा कुणी कुढलं?"

तिचंही बरोबर होतं. सगळ्यांचं बरोबर असलं की माझं डोकं आणखीनच फिरतं.

त्याच आठवड्यात कीबोर्डची पिन सैल झाली, मधेच बंद पडायचा. शहागंजात एक चाचा पेट्या आणि कीबोर्ड दुरुस्त करतात, पप्पांच्या ओळखीचे. क्लास सुटल्यावर मी कीबोर्ड घेऊन गेले. त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि विचारलं, "अब्बा नै आए? गाना-वाना कैसा चल रा उनका?" त्यांना काय कल्पना. पण मी त्या कळकट स्टुलावर बसून भडाभडा सगळं सांगून टाकलं आणि वर रडलेही. चाचांनी हातातली सोल्डरिंगची गन बाजूला ठेवलं.

"बाप कू बोली क्या?"

"नाय."

"कैकू?"

"भीती वाटते."

"मार थोडी डालेंगे वो. आज जाके बोल दे, बेटा. दो महीने बाद बोलेंगी तो मानेंगे नै वो, मैं बोल रा तेरेकू."

मी हौ म्हणाले. घरी आले तर पप्पा सेकंड शिफ्टला गेलेले. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. मग इंग्रजी. मग तोंडी परीक्षा. चाचांनी दोन महिने म्हटलं होतं, करमाडपासून मोजले तर मी बरोबर दोन महिने लावले.

फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे दहा. पप्पा अंगणात मोटारसायकल धूत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि एका दमात सांगितलं. बटण, पाच, तीन, भाची, चहा, सगळं. म्हटलं, तुमचा गळा चांगला आहे, चूक माझी होती.

पप्पांनी हातातला ओला फडका पिळला. माझ्याकडं बघून इतकं मायेनं हसले की मला कसंतरीच झालं. "लेकरा," ते म्हणाले, "बापाचं मन राखायलीस व्हय?"

"नाही हो पप्पा, खरंच सांगतेय!"

"दोन महिन्यांनी आठवलं का तुला? मला माझा गळा कळत नाय का? जाऊ दे. तू पेपरकडं लक्ष दे."

माझं असं टाळकं सरकलं! दोन महिने खोटं वागले तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, आणि खरं बोलले तर ते खोटं! मी पाय आपटत घरात गेले, कीबोर्ड उचलून आणला, ओट्यावर ठेवला, खिडकीतून वायर घेतली. "गा," म्हटलं. "आत्ता गा. तीनवर ठेवते. तुमच्या काळी दोनवर. ऐका स्वतःच."

ते नको नको म्हणत होते. मी हटून बसले. शेवटी पाण्याचा नळ बंद करून ते ओट्याच्या कडेला टेकले, खाकरले आणि तेच गाणं धरलं. मुखडा छान गेला. दोन महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकून माझे डोळे भरले. मी स्क्रीन पुन्हा पुन्हा बघत होते. तीन. तीनच होता. अंतरा आला, ते वर गेले आणि आवाज फाटला. तिथंच.

पप्पा फडक्यानं हात पुसत राहिले, हात कोरडे झाले तरी.

मी बोटं पट्ट्यांवर ठेवून बसले होते आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. करमाडला दोन सूर वर ताणल्यामुळं गळा दुखावला का? दोन महिने गायले नाहीत म्हणून गंज चढला का? की तो आधीच चालला होता आणि मी उगीच सगळं माझ्या अंगावर ओढून घेत होते? यातलं कोणतं खरं, हे मला आजही माहीत नाही. पुढं मी एका डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला वयाप्रमाणं होतं. पण त्या ओट्यावर डॉक्टर नव्हता. मी होते, आणि मी त्यांना वचन दिल्यासारखं गायला बसवलं होतं.

"थांबा पप्पा," मी म्हणाले. "पिन हलली वाटतं. सूर सरकला मधेच. पुन्हा घ्या."

मी वायरची पिन हलवून घट्ट बसवली. तसं करताना डाव्या हातानं बटण दाबलं, दोनदा, खाली. एक. म्हणजे काळी एक, पप्पांच्या पट्टीपेक्षा दोन सूर खाली.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग गायले. मुखडा जरा जड, भारदस्त वाटला. अंतरा आला, ते वर गेले आणि आवाज सरळ तिथं जाऊन उभा राहिला. न फाटता. त्यांनी ती ओळ दोनदा घेतली, तिसऱ्यांदा वर एक हरकतही घेतली. आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी होती. तिनं आधी पप्पांकडं बघितलं, मग माझ्या डाव्या हाताकडं, आणि परत पोळ्यांकडं गेली.

"आयला!" पप्पा उठलेच. "म्हणजे खरंच तुझ्या बटणाचीच भानगड होती का गं?"

"मग सांगत काय होते मी!"

ते हसायला लागले, डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले. हलक्या हातानं माझ्या डोक्यावर एक टप्पल मारली आणि लगेच ऑक्टोपॅडवाल्या काकांना फोन लावला. "जयभीम! अहो, ऐका गंमत. गळा ठणठणीत आहे माझा. आमच्या बाईसाहेब बटण दाबायचं विसरल्या होत्या करमाडला! हो हो, वाजवता-बिजवता येत नाय तिला, नुसतं बटणावर चाललंय! सगळ्यांना सांगा. पुढच्या रविवारी येतो मी."

पलीकडून काका काहीतरी विचारत होते. पप्पांनी फोन कानापासून जरा लांब धरला.

"किती नंबर लागतो म्हणालीस माझ्या काळी दोनला?"

मी तळहात स्क्रीनवरच्या एकवर ठेवला.

"तीन," मी म्हणाले.

"तीन हां," पप्पांनी फोनमध्ये सांगितलं, "लिहून ठेवा. पुन्हा चूक नको."