गाठोड्याची चादर

रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सीनियरला मी दादा म्हणायची. मनापासून म्हणायची, हे आधीच सांगते.

आमची सिस्टीम मेमरी कमी पडली की कमी लागणारा डेटा दाबून, लहान करून एका कोपऱ्यात ठेवायची. पण दाबायलासुद्धा थोडी मेमरी लागते. ती नसली की सिस्टीम जागा करायला निघायची, म्हणजे पुन्हा दाबायलाच. या फेऱ्यात सापडून मशीन थिजायचं. आठवडाभर डोकं खाजवल्यावर ते मला दिसलं. हे काम पुढे कोणाकडे सोपवायचं, ते सोमवारच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं आणि मला ते हवं होतं. खूप हवं होतं.

‘‘मले समजावून सांग बरं,’’ दादा म्हणाला. ‘‘काहून घाबरून राहिली वं? मी आहो ना.’’

मी त्याला आईची गोष्ट सांगितली. दिवाळीच्या सफाईत गोधड्यांचं गाठोडं बांधायला चादर लागायची आणि चादर नेमकी गोधड्यांच्या ढिगाखाली. ढीग हलवायचा तर आधी गाठोडं बांधा! आई ओरडायची, ‘‘चादर वरच दिसली तर घे, नाहीतर उकरू नको!’’ बस, तेवढंच करायचं होतं. दाबताना मेमरी मागायची, पण तिच्यासाठी पुन्हा जागा करायला निघायचं नाही.

सोमवारी माझ्याआधी तोच उठला. ‘‘आमची आई म्हणते,’’ त्याने सुरुवात केली, आणि गोधड्या, ढीग, चादर, सगळं सांगितलं. जन्मात एका गोधडीची घडी घातली नसेल त्याने! शोध नेला तो नेला, माझी आईही नेली. माझे कान तापले.

साहेबांनी विचारलं, ‘‘आणि मेमरी मिळालीच नाही तर?’’

दादाने हळूच माझ्याकडे पाहिलं. मशीन पुन्हा अडकलेलं मला बघवलं नसतं. ‘‘तर दाबायचं सोडून द्यायचं,’’ मी बोलून गेले. ‘‘तो डेटा सरळ डिस्कवर जाऊ द्यायचा.’’

‘‘हेच म्हणून राहिलो होतो मी,’’ तो म्हणाला. साहेबांनी मान डोलावली आणि काम त्याला दिलं.

बाहेर आल्यावर त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. ‘‘बरी आठवण केली वं. मी विसरलोच होतो.’’

विसरायला आधी माहीत असावं लागतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी ‘हो दादा’ म्हणाले.