टेलपासून

बुधवारच्या बैठकीत शास्त्रभाग वाचून झाला की मामा उजवा हात उचलायचे. आम्हा सगळ्यांच्या डोक्यांवरून त्यांचं बोट सरळ दाराकडं जायचं आणि ते म्हणायचे, "हं. टेलपासून."

दारात उंबऱ्यावर, पाय बाहेर सोडून, गया आत्या बसलेली असायची. वाचलेल्या भागावर पहिल्यांदा ती बोलायची. मग तिच्या शेजारी बसलेल्या बाया, मग भिंतीला टेकलेली माणसं, आणि सगळ्यांत शेवटी मी. मी बी.ए. होतो. आमच्या वस्तीतला पहिला. घराच्या दारावर नाव आणि पुढं पदवी रंगवून घेतली होती, आणि ती पाटी वाळली की नाही हे बघायला दिवसातून तीनदा बाहेर आलो होतो. अशा माणसाला शेवटी बसवायचं आणि जिला अंगठा उठवावा लागतो तिला पहिल्यांदा विचारायचं, हे मला पहिली दोन वर्षं पटलंच नाही.

मामा पाटकरी होते. माजलगावच्या धरणातून येणाऱ्या कालव्याच्या एका चारीवर कोणाच्या वावराला कधी आणि किती वेळ पाणी द्यायचं, हे बघायचं काम त्यांचं. पुढं चारीवरच्या शेतकऱ्यांनी पाणीवाटपाची सहकारी संस्था काढली, तिनंही त्यांनाच ठेवून घेतलं. एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेली खाकी पँट, खांद्यावर फावडं. चारीत उभं राहून ते पाणी पायानं मोजायचे. "घोट्याच्या वर दोन बोटं हाय," म्हणायचे, आणि संस्थेची पट्टी लावून बघितलं तर तेवढंच निघायचं.

संस्थेचा नियम होता की पाणी टेलपासून द्यायचं. म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचं वावर आधी भिजवायचं आणि मग एकेक दार बंद करत वर, कालव्याच्या तोंडाकडं यायचं. तोंडाजवळच्याला पाणी कधीही घेता येतं. शेवटच्याला वरच्यांनी सोडलं तरच मिळतं. नियम बऱ्याच ठिकाणी असतो, पाळताना मी एकालाच पाहिलं. आणि तोच नियम त्यांनी आमच्या बायबल अभ्यासालाही लावला होता.

त्यांचं बायबल खताच्या गोणीच्या आतल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं असायचं. स्वतः ते अक्षर लावत, ओठ हलवत वाचायचे, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं. "पदवीधर, सोडा," म्हणायचे. वाचा नाही, सोडा. वाचून झालं की दाराकडं बघून विचारायचे, "पोचलं का?" गया आत्या "न्हाई" म्हणाली की मला परत वाचावं लागायचं. एकदा ती मुद्दाम तीन वेळा "न्हाई" म्हणाली. मी चिडलो तर म्हणाली, "बापू, तू वाचतो का बस पकडतो?"

गया आत्या आमच्यातली नव्हती. ओढ्यापलीकडं चार घरांची वाडी आहे, तिथली. शेतकरी घरातली, चारीच्या टेलला त्यांचं वावर, नवरा वारलेला. गळ्यात खंडोबाचा टाक होता, तो तिनं कधी काढला नाही आणि मामांनी कधी काढ म्हटलं नाही. महिन्यातून एकदा तालुक्याहून पाळकसाहेब यायचे. त्यांनी एकदा विचारलं, "बाई, आत या की." ती म्हणाली, "हितून समदं आयकू येतं. आन् पायाला वारं लागतंय."

पण बोलायला लागली की तिला तोड नव्हती. पाच हजार लोक जेवले आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या, हा भाग मी वाचला तेव्हा मी त्यातल्या चमत्काराबद्दल काय बोलायचं ते तीन पानं लिहून नेलं होतं. मामांचं बोट दाराकडं गेलं. आत्या म्हणाली, "टोपल्या कुनी आनल्या व्हत्या?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. ती म्हणाली, "रानात कोन रिकामी टोपली घिऊन जातं? बाया आल्या आसतील, सरपनाला. त्येंचं नाव न्हाई न तुमच्या पुस्तकात?" त्या दिवशी आमच्या सगळ्या बायांना बोलायला लागून इतकं सुचलं, की माझी पाळी येईपर्यंत बाहेर गायींना पाणी पाजायची वेळ झाली. मी तरी कागद काढले. पहिलं पान संपायच्या आत मामा म्हणाले, "पदवीधर, चारीत मावंल तेवढंच सोडा. काठ फुटायलेत."

लोक हसले. मी आठवडाभर मामांशी बोललो नाही. ते मात्र रोज सायकलवरून जाताना माझ्या पाटीकडं बघून कपाळाला हात लावायचे. चेष्टेनं की खरंच, ते मला आजवर कळलेलं नाही.

माझ्यानंतर पाळी त्यांची असायची. ती त्यांनी कधी घेतली नाही. बायबल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत म्हणायचे, "माझ्यापतुर येत न्हाई पानी. चला, प्रार्थना करू." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, दुसऱ्याला बोलतं करतात आणि स्वतः उठून चहा सांगायला जातात. इतक्या वर्षांत एकाही भागावर या माणसाला काय वाटतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एकदाच कळलं.

ते दुष्काळाचं वर्ष. धरण तळाला गेलं. कालवा इतका कोरडा पडला की त्यात शिंदीची पानं वाळत घालायचे लोक. संस्थेला वाटायला पाणीच नाही. मामा तरी रोज सकाळी फावडं घेऊन चारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून यायचे. मी विचारलं, "मामा, काय बघता?" म्हणाले, "उंदरांची बिळं बुजवतो. पानी आल्यावर तिथूनच फुटतंय."

गावाला टँकर सुरू झाला. कुठल्या वस्तीला कोणत्या क्रमानं पाणी द्यायचं याची यादी करायचं काम ग्रामपंचायतीनं माझ्याकडं दिलं. शिकलेला म्हणून. मी यादी केली आणि आमची वस्ती पहिली लिहिली.

खरं सांगतो, ते लिहिताना मला जराही वाईट वाटलं नाही. आमची वस्ती आजवर प्रत्येक गोष्टीत शेवटी होती. रस्ता शेवटी आला, वीज शेवटी आली. विहिरीवर कोणी पाणी ओतेल म्हणून माझ्या आजीनं किती वेळ ओंजळ धरून वाट बघितली, ते मी तिच्याकडून ऐकलं होतं. पहिल्यांदा पेन आमच्या हातात आलं होतं. वस्तीतल्या बाया ड्रम भरताना म्हणायच्या, "आपलं पोरगं शिकलं म्हनून." हे वाक्य ऐकायला मी टँकरच्या वेळी मुद्दाम बाहेर उभा राहायचो.

यादीत आमच्यानंतर गावातल्या दोन गल्ल्या, मग शाळा, आणि शेवटी ओढ्यापलीकडची चार घरं. तिथं पोचेपर्यंत टँकरमध्ये काय उरत असेल, याचा हिशेब मी केला नाही. खरं तर करायचा टाळला.

त्या महिन्यात एका बुधवारी योहानाच्या पुस्तकातला भाग होता. यरुशलेमातलं एक तळं. त्यातलं पाणी हललं की जो पहिल्यांदा उतरेल तो बरा व्हायचा. काठावर एक माणूस अडतीस वर्षं पडून. तो येशूला सांगतो, मला पाण्यात सोडायला कोणी नाही, मी सरकत सरकत जातो तोवर माझ्या आधी दुसराच उतरतो.

मी वाचलं. मामांनी विचारलं, "पोचलं का?" आत्या "हां" म्हणाली. बोट तिच्याकडं गेलं. "टेलपासून."

ती पाय आखडून माझ्याकडं वळली. मग मला म्हणाली, "बापू, ज्यो आधी उतरायचा, त्येचं नाव लिवलंय का तिथं?"

मी पुस्तकात बघितलं. "नाही आत्या."

"बरं." मग म्हणाली, "काल आमच्याकडं टँकर आल्ता. नुसता पाइप हलवून दावला डायवरनं. दोन कळशा निघाल्या, त्यात चार घरं." आवाजात राग नव्हता. शेजारणीला सांगावं तसं सांगितलं आणि पदर नीट केला.

तिच्या शेजारची बाई म्हणाली, "मला काय सुचंना आज." तिच्या पुढची म्हणाली, "मलाबी न्हाई." भिंतीकडची माणसं छताकडं बघायला लागली. एकेक पाळी रिकामी वर सरकत माझ्याकडं आली. त्या खोलीत आत्या सोडून प्रत्येकाच्या दारात भरलेला ड्रम होता.

मी बोललो. श्रद्धेबद्दल बोललो, धीराबद्दल बोललो, दहा मिनिटं बोललो असेन. चांगलं मराठी बोललो. कोणी मान वर केली नाही. मी थांबलो आणि मामा पुस्तक गुंडाळतील म्हणून वाट बघत राहिलो.

त्यांनी प्लॅस्टिक बाजूला ठेवलं. म्हणाले, "आज माझी पाळी घेतो मी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. उन्हाळ्याची शेवटची पाणीपाळी होती. चारीच्या तोंडाजवळ एक मोठा बागायतदार होता. "त्यानं पैसं न्हाई दिलं. दिलं असतं तर घेतलं नसतं मी. त्यानं मला बाजंवर बसवलं. सोताच्या शेजारी. कपबशीतून चा दिला, त्याच्याच घरातल्या. माझ्या बापाला त्या दारात कोनी उभं केलं नव्हतं. मला लई भारी वाटलं. तो म्हनला, आमचं दार आधी उघडा, चार तासांनी काय फरक पडतोय. मी उघडलं."

चार तास म्हणता म्हणता सकाळची संध्याकाळ झाली. मधल्यांनीही मग आपापली दारं उघडली. शेवटच्या टोकाला पाणी पोचलंच नाही, आणि वरून कालवा बंद झाला.

"टेलला अर्धा एकर ऊस होता. उभा वाळला. ज्येंचा होता ती नवरा-बायकू त्या दिवाळीनंतर कोयतं घिऊन गेली, दुसऱ्याचा ऊस तोडाया. त्या आधी कधी गेली नव्हती." मामांनी दाराकडं बघितलं नाही. "ती वाट मी दावली त्येंना. आन् आज माझ्या दारातला ड्रम भरल्याला हाय."

मग उंबऱ्यावरून गया आत्या म्हणाली, "ठावं हाय मला. तवाच ठावं व्हतं."

मामांनी तिच्याकडं बघितलं. म्हातारा माणूस, ओठ अक्षर लावताना हलायचे तसे हलले. "मंग कावून येती हितं, गयाबाई? येवढी वर्सं?"

"बघाया येती," ती म्हणाली. "किती दिस टेलपासून सुरू करतो ते."

त्या दिवशी प्रार्थना कोणी केली, आठवत नाही.

सकाळी मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची यादी काढली आणि उलटी लिहून लावली. ओढ्यापलीकडची चार घरं पहिली, आम्ही शेवटी. ड्रायव्हर कुरकुरला, ओढ्यातून टँकर नेऊन परत वळवायला लागतो म्हणून. आमच्या वस्तीला त्या दिवशी निम्मे ड्रम मिळाले. आईनं तळाशी गेलेलं पाणी वाटीनं काढताना माझ्याकडं बघितलं. "पंधरा वर्सं शाळा शिकला," म्हणाली, "आन् आपल्याला परत शेवटी निऊन बसवलं." मी ड्रम तिरका धरून दिला.

मला वाटलं होतं मामा काहीतरी म्हणतील. शाबास म्हणावं असं वाटत होतं, लपवत नाही. ते सायकलवरून गेले, पाटीकडं बघून कपाळाला हात लावला, गेले. पुढच्या बुधवारी पाळी फिरत माझ्याकडं आली तेव्हा मी दोनच वाक्यं बोललो. त्यांनी पुस्तक गुंडाळायला घेतलं. "माझ्यापतुर येत न्हाई. चला."

कालव्याला पाणी पुढच्या वर्षी आलं. उंदरांची बिळं बुजवलेली होती, चारी कुठं फुटली नाही. मामांनी ती एक पाळी दिली, टेलपासून, आणि हिवाळ्यात आठ दिवसांच्या तापात ते गेले. फावडं संस्थेचं होतं, ते संस्थेत परत जमा केलं. एव्हाना मी संस्थेचा सचिव झालो होतो, मीच सही केली.

नंतरच्या बुधवारी आम्ही त्यांच्याच घरी जमलो. त्यांच्या जागेवर कोणी बसलं नाही, ती तशीच मोकळी राहिली. गया आत्या आली, उंबऱ्यावर बसली, पाय बाहेर सोडले. मी प्लॅस्टिक सोडून मामांचं पुस्तक काढलं आणि वाचलं. भाग छोटाच होता. संपला. कोणी हात उचलला नाही, कोणी विचारलं नाही. मी पानावर बोट ठेवून बसलो.

"परत वाच," आत्या म्हणाली.

"कळलं नाही का, आत्या?"

"कळलं की." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुला काय करायचंय? परत वाच."

मी मांडी बदलली, तोंड दाराकडं केलं, आणि पहिल्या ओळीपासून हळूहळू वाचायला लागलो.