मंचरचे ग्रीक देव

दगड घडवणाऱ्याच्या घरात किस्से मुद्दाम आठवावे लागत नाहीत. शेडमधल्या कपच्या मी रोज झाडून टाकते, पण तिथं बोललेलं काही झाडून जात नाही! सांगायला बसलं की एकामागून एक निघतंच.

आमचे हे पाथरवट. मंचरला रस्त्याकडेला पत्र्याची शेड, मागे आमचं घर. पाटे-वरवंटे आणि गावोगावचे मारुती घडवण्यात यांची हयात गेली. मग घरोघरी मिक्सर आले आणि पाटे पडून राहिले. त्याच सुमारास, नव्वदच्या दशकात, एका मंगल कार्यालयाचे शेठ जाडजूड पुस्तक घेऊन आले. आत ग्रीक देवांचे फोटो. "असे चार पाहिजेत. संगमरवरी!"

यांचे जोडीदार सिद्धार्थभाऊ, जुन्नरकडचे. त्यांनी इंग्रजी जमेल तसं लावून सांगितलं, "दादा, मूळ मूर्ती बहुतेक ब्राँझच्या व्हत्या. लोकांनी वितळवल्या. ह्या रोमवाल्यांनी दगडात केलेल्या नकला हायेत."

"म्हंजे आपण नकलेची नक्कल करायची?"

मी चहा देता देता म्हटलं, "नकलेमुळंच देव राहिला ना!"

*

फोटो फक्त समोरून काढलेले. मागची बाजू कशी करायची? दोघांनी खूप विचार केला आणि पहिल्या देवाला मागे छान शेंडी काढली.

शेठ मूर्तीभोवती फिरले आणि थबकलेच. "अहो, ग्रीक देवाला शेंडी?"

हे शांतपणे म्हणाले, "नव्हती, असं फोटोत दाखवा!"

*

दुसऱ्या देवाच्या पायाला चिकटून झाडाचं खोड होतं. शेठ म्हणाले, "हा ओंडका कशाला? काढा."

हे म्हणाले, "शेठ, नुसत्या घोट्यांवर एवढा दगड उभा ऱ्हायचा न्हाई. त्या रोमवाल्यांना कळत व्हतं."

"काढा म्हणतो ना!"

काढलं. देव घोट्यात मोडून आडवा! नशीब, खाली कुणी नव्हतं. शेठ म्हणाले, "असू द्या. झोपलेला देव म्हणून लावू!"

*

यांचा खोकला काही थांबेना. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "हे पांढरं दिसतंय ना, ती दगडाची धूळ. आयुष्यभराची. आता ती निघायची नाही. काम बंद करा."

हे निरखून बघत म्हणाले, "लई बारीक काम झालंय, डॉक्टर!"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी संकष्ट्या धरल्या. लेण्याद्रीच्या गणपतीला म्हटलं, यांना आपल्या पायांनी तुझ्या पायऱ्या चढू दे.

*

काम काही यांनी सोडलं नाही, म्हणून जुन्या लुगड्याचा चारपदरी फडका शिवून दिला. "तोंडाला बांधल्याशिवाय शेडमध्ये पाय ठेवायचा नाही!"

दुपारी भाकरी घेऊन गेले, तर फडका तिसऱ्या देवाच्या तोंडाला बांधलेला!

"अहो!"

"त्याचं नाक नवं हाय गं. माझं काय, जुनंच!"

हसता हसता खोकल्याची उबळ आली. खाली पांढऱ्या भुकटीत लाल ठिपका पडला. मी पदरानं पुसून घेतला. सिद्धार्थभाऊ उगाच छिन्नीला धार लावत बसले.

*

चौथ्या देवाला फोटोत डोकंच नव्हतं. कधीतरी तुटून गेलेलं. शेठ म्हणाले, "कुणाचंही बसवा, पण चांगलं बसवा."

तोवर यांचं शेडमध्ये जाणं बंद झालं होतं. मोरीपर्यंत गेले तरी धाप लागायची. दिवसभर ओसरीत उशांना टेकून बसत. एका सकाळी सिद्धार्थभाऊ मातीचा गोळा घेऊन आले आणि यांच्यासमोर मांडी घालून बसले.

"दादा, जरा इकडं बघा."

"माझं थोबाड? कार्यालयात? लोकं जेवायची न्हाईत!"

"हलू नका."

मी दारात दूर्वा निवडत होते. माझेही हात थांबले. भाऊंचा अंगठा मातीवर फिरत होता. कपाळ झालं, गालाची हाडं झाली, ओठ आले. हे अगदी मूर्तीसारखे बसून होते. बराच वेळ. मग ओठ न हलवता हळूच म्हणाले,

"सिद्धार्थ, श्वास घेऊ का?"

भाऊंनी मातीवरचा हात काढला.

"घ्या, दादा. सावकाश घ्या. मी थांबलोय."