बोलावल्याशिवाय घरात न येणारं दुकान

कुठलाही नवा गेम तपासायला घेतला की वनिताताई म्हात्रे आधी नेटची वायर काढून ठेवायच्या. मग खुर्चीत मागे रेलून, डोळे अर्धवट मिटून खेळत बसायच्या. "नेट काढल्यावर जे उरतं ते गिऱ्हाइकाचं," असं म्हणायच्या. मी तेव्हा नवीन होतो; मला वाटायचं, बाईंना डुलकी लागली आहे.

रबाळ्याला, कारखान्यांच्या मधल्या एका इमारतीत आमचं ऑफिस होतं. आम्ही इंटरनेटवरून कॉम्प्युटर गेम विकायचो. गिऱ्हाइकाने पैसे भरायचे, वेबसाइटवरून फाईल उतरवून घ्यायची, विषय संपला. मग आमच्या मालकांच्या, म्हणजे सरांच्या, मनात आलं की आपलंही एक ॲप हवं. कॉम्प्युटरवर एकदा बसवलं की खरेदी, अपडेट, मित्रमंडळी सगळं त्यातच. आणि वेबसाइटवरचं डाउनलोडचं बटण काढून टाकायचं.

एरवी मीटिंगमध्ये ताई खिडकीबाहेरच्या धुरकट डोंगराकडे बघत कुठेतरी हरवलेल्या असत. त्या दिवशी एकदम म्हणाल्या, "सर, ॲप मीच बनवते. झकास बनवते. पण बटण राहील. दुकानदाराने घरात यायचं ते बोलावल्यावर."

"आणि नाही ठेवलं तर?"

"तर मीपण नाही राहणार. टेन्शन नका घेऊ, शांतपणे सांगतेय."

यामागे त्यांचे बाबा होते. उभा जन्म मिठागरात गेलेला माणूस. मिठागरं गेली, खाडी टॉवरांच्या मागे गेली, तेव्हा ताईंनी त्यांना होडीचा एक गेम लावून दिला. त्यात काहीच घडत नाही. पाणी, धुकं आणि आवडेल तिथे नांगर टाकायचा. बाबा दुपारभर त्यात वल्हवत असायचे. बटण गेलं आणि त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला ॲप झेपलं नाही तर बाबांचं पाणी पुन्हा एकदा जाईल, ही ताईंची भीती होती.

सरांनी ऐकलं. बटण राहिलं, ॲप हवं त्याने घ्यावं असं ठरलं. तयार झाल्यावर ताई मला घेऊन नेरूळजवळच्या त्यांच्या गावातल्या घरी गेल्या. त्या म्हाताऱ्या डब्यावर ॲप कुरकुरत का होईना, चाललं. "बघा वापरून. नको तर काढते," ताई म्हणाल्या. ॲपमध्ये कडेला एक यादी दिसायची, आत्ता हाच गेम कोण कोण खेळतंय त्याची. बाबा पडद्याला नाक लावून ती वाचत राहिले.

"इतकी मानसं पान्यान हायत? आन मना वाटं मी एकलाच. ऱ्हाऊ दे गो."

रिक्षात ताई हसत होत्या. "मी भांडले कोणासाठी, आणि हे बघ!" पण डोळे भरून आले होते.

पुढे बाबा गेले. दिवसकार्य उरकल्यावर ताईंनी तो कॉम्प्युटर लावला, तर अपडेटनंतर ॲप पासवर्ड मागत होतं. तो कुणालाच ठाऊक नव्हता. बाबांची होडी, त्यांनी शेवटचा नांगर टाकलेली जागा, सगळं त्या ॲपच्या आत. मी म्हटलं, "ताई, ऑफिसमधून पासवर्ड आत्ता बदलून देतो. आपलंच तर दुकान आहे."

"म्हणूनच नको रे. बाबांनी मला दिला नव्हता ना? मग आपण कोण शिरणारे?"

मला खरंच राग आला. पोटची मुलगी, किल्ली हातात, आणि दार उघडायचं नाही, हा कसला हट्ट! ताईंनी शांतपणे वेबसाइटवरून साधी फाईल उतरवली आणि रिकाम्या किनाऱ्यावरून स्वतःची होडी पाण्यात ढकलली.

नंतर त्यांनी नोकरी सोडली. स्वतःचं काहीतरी करायचं म्हणाल्या. फोन क्वचितच करतात.

अजूनही एखाद्या रिकाम्या दुपारी मी ती यादी उघडतो. कोण कोण होड्या घेऊन निघालेलं असतं. ताईंचं नाव कधीच नसतं, कारण साधी फाईल घेणारे यादीत दिसत नाहीत. त्या आत्ता पाण्यावर असतील का, असं मनात येतं आणि फार आठवण येते. दुकानात बसून ते कळू नये, अशी सोय त्यांनीच तर करून ठेवली आहे.